एक रुपया

आज मंडईत मेथीच्या दोन जुड्या घेतल्या, पैसे मोबाइलवरून पाठवले. 'तीस रुपये प्राप्त झाले,' असं मावशींच्या पाटीशेजारचा छोटा स्पीकर बोलला. मी स्क्रीन दाखवायला गेले तर म्हणाल्या, "राहू द्या ताई, ऐकलं मी."

ते वाक्य दिवसभर मनात आहे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १००० च्या नोटा बंद झाल्या. मोबाइलवरून पैसे पाठवण्याचं हे यूपीआय त्याच वर्षी आलेलं. सुट्ट्या पैशांच्या नडीनं कितीतरी माणसं या वाटेला लागली, हे खरंच. पण नडीपोटी आलेला माणूस नड सरली की परत फिरतो. मावशी फिरल्या नाहीत. त्यांना वाचता येत नाही, ऐकता येतं. त्या आवाजानं त्यांचा विश्वास बसला.

आईचं वेगळं. तिला पासबुकात छापलेली ओळ लागते, बोट ठेवून वाचते. पैसे पाठवण्याआधी समोरच्याचं नाव दिसतं, हे तिला दाखवलं, तेव्हा कुठे तिनं मला एक रुपया पाठवला. पिन टाकताना फोन पदराआड धरला होता. माझा फोन वाजला आणि तिचा चेहरा उजळला. इतक्या जाहिरातींनी जे झालं नाही, ते त्या रुपयानं झालं.

गेल्या महिन्यात तिचे पैसे खात्यातून गेले, पण पोचले नाहीत. तीन दिवसांनी परत आले. ते तीन दिवस ती नीट जेवली नाही. अशा वेळी फोनवर धीर देणारं माणूस भेटायला हवं होतं, रेकॉर्ड केलेला आवाज नव्हे.

उद्या तिला वीजबिल भरायला शिकवायचं आहे. तिनंच विचारलं.