कानशीपासून लांब

उत्पादन बंद झालेलं हत्यार वापरून बिघडत नाही, मालकाच्या हौसेनं बिघडतं. माझ्याकडे वडिलांच्या पश्चात वारशानं आलेलं वेब्ली अँड स्कॉटचं .३२ बोअरचं मार्क फोर रिव्हॉल्वर आहे, मूळ बर्मिंगहॅमचं. कंपनीनं ते बनवणं कधीच सोडलं आणि आपल्याकडे परदेशी हत्यारांची आयात १९८०च्या दशकातच आटली. त्याच घडणीचं .३२ कानपूरच्या सरकारी कारखान्यानं काढलं. आता वेब्लीच्याच नावाचं रिव्हॉल्वर उत्तर प्रदेशात संडीला इथेही बनतं. पण जुन्या रिव्हॉल्वरचा प्रत्येक भाग हातानं घासून जागी बसवलेला असतो. दुसऱ्याचा सुटा भाग आणून जसाच्या तसा बसेल, ही आशा धरू नये.

याची खरी गंमत उघडताना कळते. डाव्या बाजूची खिट्टी अंगठ्यानं दाबली की नळी पुढे झुकते, चक्रीच्या मधून चांदणी वर येते आणि सहाही पुंगळ्या एकदम बाहेर पडतात. नळी पूर्ण झुकली की चांदणी टपकन जागेवर बसते. दुखणं असतं ते याच चांदणीखाली. न जळलेल्या दारूचा एखादा कण तिथे राहिला की चांदणी केसभर वर राहते, चक्री जड फिरते आणि चाप ओढताना अडकल्यासारखं वाटतं. अशा वेळी अननुभवी माणूस कानस घेतो. खरं तर जुना टूथब्रश पुरतो. उघडून चांदणी वर धरायची, खालची बैठक कोरडी घासायची, झालं.

अर्थात त्याआधी काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवायची आणि सहाही घरं डोळ्यांनी बघून, वर बोट लावून तपासायची. रिकामं आहे हे माहीत असलं तरी.

स्क्रूंच्या बाबतीत मी हट्टी आहे. बाजारातल्या स्क्रूड्रायव्हरचं टोक पाचरीसारखं निमुळतं असतं. ते खाचेच्या तोंडाशीच टेकतं, जोर लावला की निसटतं आणि खाचेची कड उचलली जाते. म्हणून एका स्क्रूड्रायव्हरचं टोक दगडावर घासून दोन्ही अंगांनी सरळ, खाचेत तळापर्यंत घट्ट बसेल असं करून घेतलंय. तरीही आतलं यंत्र मी सहसा उघडत नाही. आत घोड्याची इंग्रजी व्हीच्या आकाराची पोलादी स्प्रिंग आहे. ती तुटली तर परवानाधारक कारागीर शोधायचा, तो पट्टी तापवून, पाणी देऊन नवी घडवणार आणि तीही पहिल्या खेपेला बसेलच असं नाही. याच कारणासाठी रिकाम्या रिव्हॉल्वरचा चाप ओढून टकटक वाजवणाऱ्या पाहुण्यांच्या हातात मी ते देत नाही.

पोलादावरचं निळसर-काळं ब्लूइंग पुसट झालंय. ‘पॉलिश करून नवं करून देतो,’ असं म्हणणारे भेटतात. पॉलिश म्हणजे पोलाद घासणं. कडा गोल होतात, कोरलेली अक्षरं बुजतात आणि गेलेलं पोलाद परत येत नाही. पुसट राहू दे.

आमच्या कोकणात खरा वैरी दमट हवा. चामड्याच्या म्यानात हत्यार साठवून ठेवणं म्हणजे गंजाला आमंत्रण, कारण चामडं ओल धरतं. मी सुती फडक्यावर तेलाचे दोन-चार थेंब घेऊन सगळीकडून पुसतो, नळीतूनही एक फेरी मारतो आणि मग कोरड्या फडक्यानं जास्तीचं काढतो. तेल भरपूर ओतलं की हत्यार सुखी, हा गैरसमज आहे. ते धूळ धरतं आणि झिरपत काडतुसाच्या टोपीपर्यंत पोहोचलं तर ऐन वेळी बार फुसका जातो.

निवडणूक लागली की हत्यार जमा करण्याची नोटीस येते. एकदा पोलीस ठाण्याच्या कपाटातून परत आलं तेव्हा नळीच्या तोंडाशी गंजाचा तांबूस ठिपका होता. तेव्हापासून जमा करतानाच हलक्या तेलाच्या फडक्यात गुंडाळून देतो आणि पावतीवर क्रमांकासोबत ‘गंज नाही’ एवढंही लिहून घेतो. रजिस्टरवर तेलाचे डाग पडतात म्हणून हवालदार कुरकुरतात. त्यांच्यासाठी मी सोबत जुनं वर्तमानपत्र नेतो.