क्लाइडकाठची रजा

स्कॉटलंडमधील क्लाइडबँकपाशी क्लाइड नदीचे पात्र इतके अरुंद आहे की, हजार फुटांहून लांब असलेली ‘क्वीन मेरी’ आगबोट १९३४ साली याच ठिकाणी पाण्यात उतरली, ही गोष्ट नवख्या माणसाला थापच वाटावी. उलगडा होतो तो समोरच्या तीरावर कार्ट ही उपनदी येऊन मिळते ते पाहिल्यावर. तिच्या मुखाच्या रोखाने जहाज तिरपे सोडीत, आणि त्याला बांधलेले साखळदंडांचे प्रचंड ढीग जमिनीवरून फरफटत जाऊन त्याचा वेग आवरीत. १६ एप्रिल १९५३ रोजी राजघराण्याची ‘ब्रिटानिया’ नौका येथे पाण्यात सोडली, तेव्हा हा सोहळा मी प्रत्यक्ष पाहिला. नौकेचे नाव राणीच्या मुखातून उच्चारले जाईपर्यंत गुप्त ठेवलेले असल्याने समुदायाचे चित्त राणीकडे लागले होते. माझ्या भोवतालच्या कारागिरांचे मात्र साखळदंडांकडे.

मुंबईच्या एका गोदीने मला उमेदवारीसाठी या नदीवर धाडले होते. सकाळी भोंगा होण्यापूर्वी हजेरीचा बिल्ला घेणे, संध्याकाळी तो परत करणे, आणि मधल्या वेळात पत्रे, सांधे व नकाशे यांच्याशी झटणे, असा माझा नित्यक्रम होता. विद्युत्‌सांधणीने तेव्हा जुन्या कसबावर अतिक्रमण चालविले असले, तरी रिव्हेट ठोकणाऱ्यांची तुकडी अद्याप पाहण्याजोगी होती. एक पोरगा शेगडीत रिव्हेट लाल करून चिमट्याने झोकी, दुसरा तो झेलून छिद्रात बसवी, पलीकडून एक गडी त्याला नेट देई आणि अलीकडून ठोकणारे त्याचे डोके सपाट करीत. हे सर्व लोखंड निवण्यापूर्वी, आणि एकमेकांस एक अक्षरही ऐकू जाणार नाही अशा कोलाहलात. आमच्या तुकडीचे वृद्ध मिस्त्री या कसबापायी जवळजवळ बहिरे झाले होते, व त्यामुळे ट्रॅममध्येही ते गोदीत बोलावे तसे बोलत.

जुलैच्या उत्तरार्धात ‘ग्लासगो फेअर’ची पंधरवड्याची रजा लागे. बाराव्या शतकापासून चालत आलेल्या जत्रेचे हे अर्वाचीन रूप. कारखाने बंद होत, धूर निवळे, आणि लोकांचे लोंढे आगबोटींनी रोथसे, डनून अशा गावांकडे वाहू लागत. वर्षभर जहाजांच्या सांगाड्यांत हात भाजून घेतलेली ही माणसे, मोकळीक मिळताच पुन्हा जहाजावरच का चढतात, याचे मला नवल वाटे. मिस्त्रींनी आपल्याबरोबर येण्याचे आमंत्रण दिले, ते मी ताबडतोब स्वीकारले.

जेथे १८६९ साली ‘कटी सार्क’ हे सुप्रसिद्ध शिडाचे जहाज घडले, त्या डंबार्टनचा दुर्ग मागे टाकून आगगाडीने आम्हांस क्रेगेनडोरनच्या धक्क्यावर सोडले. तेथे ‘वेव्हर्ली’ उभी होती. याच नावाची तिची पूर्वज १९४० साली डंकर्कच्या संहारात बुडाली. ही त्या वेळी नवी, दोन धुराड्यांची व दोन्ही कुशींना चाके असलेली आगबोट, युद्धानंतर ग्लासगोतच बांधलेली. तिचे यंत्र उतारूंना उभ्याने पाहता येते, आणि तीन भले थोरले दट्टे वंगणाच्या वाफाऱ्यात खालीवर होताना पाहण्यास पोराबाळांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सर्वांची दाटी होते. ‘यंत्र पाहून येतो’ असे पत्नीस सांगून मद्यगृहाकडे वळणारे पतीही या देशात पुष्कळ, परंतु आमचे मिस्त्री खरोखरच यंत्र पाहत राहिले. लॉख लाँगचे काळसर पाणी, त्यावर उतरलेले ढग आणि दोन्ही तीरांचे उंच डोंगर, यांच्याकडे त्यांनी क्वचितच दृष्टी वळविली.

मी मात्र कठड्याशी उभा राहून उतारूंची संख्या अजमावीत होतो. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट सहाशेहून अधिक माणसांसह बुडाली, तेव्हापासून जुलैच्या पावसात भरलेल्या बोटीवर पाय ठेवणारा आमच्याकडचा मनुष्य अगदी निर्धास्त असू शकत नसे.

अ‍ॅरोखरला उतरून आम्ही दीडेक मैलाची खिंड पायी ओलांडली. १२६३ साली नॉर्वेच्या राजा हाकोनच्या आरमारातील काही नावा समुद्रातून काढून याच खिंडीवरून फरफटत नेल्या, आणि शत्रूची कल्पनाही नसलेल्या लॉख लोमंडच्या तीरांवर एकाएकी लुटालूट केली. पलीकडे टार्बेटच्या धक्क्यावर आलेली ‘मेड ऑफ द लॉख’ ही आगबोटही जमिनीवरूनच आलेली! समुद्राला जोडणारी लेव्हन नदी एवढे जहाज नेण्याजोगी नसल्याने, ग्लासगोत तिचे भाग बोल्टांनी जुळवून पाहिले, पुन्हा सुटे केले आणि रेल्वेने बॅलोखला आणून तेथे पक्के सांधले. १९५३ च्या मार्चात ती सरोवरात उतरली. 

सरोवरावरून दिसणाऱ्या बेन लोमंड पर्वताची उंची ३,१९६ फूट. कळसूबाईच्या ५,४०० फुटांपुढे ती काहीच नव्हे, अशी फुशारकी मी मनात मारली; परंतु सरोवराचा पृष्ठभागच समुद्रसपाटीहून पाऊणशे फूटही उंच नसल्याने, सबंध पर्वत पायथ्यापासून शिखरापर्यंत एकदम अंगावर येतो, व आकड्यांचा अभिमान तेथे टिकत नाही.

‘मेड’मधून बॅलोखला उतरताच मिस्त्रींनी मला पावसात तिच्या जोडकामाची जागा पाहण्यास नेले, व बराच वेळ तेथील उतार न्याहाळून, मुंबईत कोणी जहाजे बांधतात काय, असे गरजून विचारले. वाडियांनी आमच्याकडे १८१७ साली बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका नाव बदलून अजून पोर्ट्‌समथला तरंगते आहे, असे मी तितक्याच मोठ्याने सांगितले. ती कशाची आहे, हा त्यांचा पुढला प्रश्न. सागवानाची, मी म्हणालो. लाकडाला रिव्हेटांची जोखीमच नाही, असे सांगून त्यांनी विषय निकालात काढला, आणि आम्ही क्लाइडबँकच्या गाडीकडे धावलो.