पंखा फिरतो, पडदा काळा

पहिल्यांदा बटन दाबलं तेव्हा मी चक्क हसलो. बटनाजवळचा पांढरा दिवा लागला, पंखा घुरघुरला, तळव्याखाली हलकीशी थरथर जाणवली. चला, जिवंत आहे. मग पडद्याकडे बघत बसलो. दहा सेकंद. वीस सेकंद. दोन मिनिटं. पडदा काळाच. त्यात माझा चेहरा दिसत होता आणि मागे दारात उभी असलेली आई.

"चालू झाला का गा?"

"झाला," मी म्हणालो. तसं ते खोटं नव्हतं.

नोव्हेंबर 2025. अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं आमचं गाव. बांध्यांमधलं धान कापून झालं होतं, पुंजणे रचून झाले होते आणि चुरण्यासाठी मशीनवाल्याचा नंबर कधी लागतो याची वाट बघणं चालू होतं. मी पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसनं गोंदियाला आणि तिथून वडशाकडे जाणाऱ्या गाडीनं अर्जुनीला उतरलो, तेव्हा माझ्या बॅगेत कपडे कमी आणि लॅपटॉपचे सुटे भाग जास्त होते. टॉवेलात गुंडाळलेले.

घरी सांगितलं होतं, महिनाभर वर्क फ्रॉम होम आहे. खरं हे होतं की ऑक्टोबरमध्ये एका मंगळवारी पंधरा मिनिटांच्या कॉलमध्ये आमची अर्धी टीम कमी झाली, आणि त्या अर्ध्यात मी होतो. लॅपटॉप कंपनीचा होता, तो त्याच आठवड्यात परत द्यावा लागला. सहा वर्षं सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून काम करून माझ्याकडे स्वतःचा असा कॉम्प्युटर नव्हता, हे मला तेव्हा कळलं. सुताराकडे स्वतःची करवत नसावी तसं.

तर मी तो बनवायला घेतला. रूममेटकडे एक बिझनेस लॅपटॉप पडून होता, चौथ्या पिढीच्या आय-फाइव्हचा. बोर्ड जळलेला, पण पडदा, कीबोर्ड, बॉडी ठणठणीत. रॅम त्यानं आधीच काढून दुसरीकडे लावली होती. अशा मशीनचे भाव सध्या पडलेले आहेत. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि विंडोज 11 ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचं लागतं. त्यामुळे ऑफिसांतून असे लॅपटॉप ढिगानं बाहेर पडतात आणि दिल्लीच्या नेहरू प्लेससारख्या बाजारात त्यांचे अवयव वेगळे होतात. तिथल्याच एका विक्रेत्याकडून मी साडेतीन हजारांत जुना बोर्ड मागवला. प्रोसेसर त्यावरच सोल्डर केलेला. एक 256 जीबीची एसएसडी नवी घेतली. लिनक्स टाकलं की माझं काम भागणार होतं.

रॅम मात्र घरचीच. 2015 मध्ये नागपूरला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली तेव्हा बाबांनी धान विकून मला सेकंडहँड लॅपटॉप घेऊन दिला होता, 2011 सालचा. पहिला सी प्रोग्रॅम त्याच्यावर, फायनल इयरचा प्रोजेक्ट त्याच्यावर. त्याचा पडदा पिवळा पडलाय, बिजागरी तुटलीय, पण 4 जीबीची रॅम चांगली होती. ती काढून नव्या बोर्डात बसवली. टक्‌ असा आवाज करत दोन्ही क्लिपा लागल्या. एकदम फिट.

आणि पडदा काळा.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची एक सवय असते. काही बिघडलं की आधी लॉग बघायचा. प्रोग्रॅम कुठवर गेला, कुठे अडला, हे तो स्वतःच लिहून ठेवतो. नसेल लिहीत तर मध्येमध्ये प्रिंटच्या ओळी टाकायच्या. इथे तसं काहीच नव्हतं. जिथे लिहून यायचं तीच जागा बंद होती. हा प्रश्न जुनाच आहे म्हणा. 1981 च्या आयबीएम पीसीतसुद्धा स्वतःची तपासणी करताना अडचण आली, तर बीप वाजवून सांगायची सोय होती, कारण पडदाच चालला नाही तर सांगणार कसं? माझं मशीन बीपही करत नव्हतं.

मग एकेक करून वगळत गेलो. खोलीतला दिवा बंद करून मोबाइलचा टॉर्च तिरका धरून पडद्यावर मारला. नुसती बॅकलाइट गेली असेल तर अंधुक अक्षरं दिसतात. काही नाही. मग पडदा किंवा त्याची केबलच खराब असेल म्हणून एचडीएमआयनं टीव्हीला जोडला. त्यासाठी आईची मालिका ऐन भांडणात थांबवावी लागली. टीव्हीवर "नो सिग्नल". म्हणजे पडद्याचा दोष नाही, मशीन चित्र पाठवायच्या पायरीपर्यंतच पोचत नाही. बॅटरी काढली, चार्जर काढला, अर्धा मिनिट बटन दाबून धरलं, पुन्हा जोडलं. एसएसडी काढली, वायफाय कार्ड काढलं. रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं घासल्या. बोर्डाखाली एखादा स्क्रू पडून शॉर्ट तर होत नाही ना, म्हणून सगळं पुन्हा उघडून ताटात स्क्रू मोजले. एकोणीस. बरोबर एकोणीस.

बाबा खाटेवर बसून बघत होते. "कंपनीचा खराब झाला का?"

"हो," मी म्हणालो.

"मग ते लोक दुरुस्त करून देत नाई का?"

"मीच करतोय."

"हं," ते म्हणाले, आणि सातबारा, आधार, बँक पासबुक एका पिशवीत भरून नोंदणीसाठी अर्जुनीला निघून गेले. हमीभावानं धान विकायचं तर ऑनलाइन नोंदणी लागते. त्या हंगामात साधारण धानाला क्विंटलमागे 2369 रुपये होते. माझ्या डोक्यात तेव्हा सगळ्याचा हिशेब क्विंटलमध्ये व्हायला लागला होता. बोर्ड म्हणजे दीड क्विंटल.

तिसऱ्या रात्री लाइट गेली. मशीन बॅटरीवर तसंच घुरघुरत होतं, मी अंधारात आडवा पडलो होतो. तेव्हा कीबोर्डच्या डाव्या कडेला काहीतरी चमकलं. कॅप्स लॉकचा बारीक दिवा. तीनदा लुकलुकला, थांबला. पुन्हा तीनदा. थांबला. तीन दिवस तो हेच सांगत असणार, आणि मी उजेडात पडद्याकडे डोळे लावून बसलेलो. उठून मोबाइलवर त्या कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल शोधलं. आमच्याकडे नेटवर्कसाठी मागच्या अंगणात, विहिरीपाशी जावं लागतं. नोव्हेंबरच्या थंडीत चादर गुंडाळून पीडीएफ उतरायची वाट बघितली. तीन वेळा म्हणजे मेमरी.

झालं, सापडलं, असं वाटून मी सगळ्यात मोठी चूक इथे केली. रॅम काढून जुन्या कॉलेजच्या लॅपटॉपात लावली. तो उठला, रडतखडत का होईना, पण उठला. म्हणजे रॅम चांगली. आता रॅम चांगली असून बोर्ड मेमरीची तक्रार करतोय, तर बोर्डाचा स्लॉट मेलेला. तर्क सरळ होता. मी रात्री दीड वाजता दिल्लीच्या विक्रेत्याला व्हॉइस मेसेज पाठवला. त्यातले शब्द इथे लिहीत नाही. इतकंच सांगतो की त्यात त्या माणसाबद्दल कमी आणि ऑक्टोबरमधल्या मंगळवारबद्दल जास्त होतं.

सकाळी बोर्ड परत पाठवायला कुरिअरवाल्याकडे म्हणून अर्जुनीला गेलो. शेजारी माझ्या शाळेतल्या मित्राचं दुकान आहे. झेरॉक्स, मोबाइल रिपेअर, फॉर्म भरणे, सगळं. तो आयटीआयला गेला, मी इंजिनिअरिंगला. दुकानात धानाच्या नोंदणीची गर्दी होती. त्यानं एका काकांचा अंगठा मशीनवर दाबता दाबता माझी गोष्ट ऐकली.

"रॅम दाखव बे."

मी खिशातून काढून दिली. त्यानं स्टिकर डोळ्यांजवळ धरला, जेमतेम दोन सेकंद.

"यात एल कुठं आहे?"

"कसला एल?"

त्यानं ड्रॉवरमधून दुसरी रॅम काढून शेजारी ठेवली. माझ्या रॅमवर लिहिलं होतं पीसी3-10600एस. त्याच्या रॅमवर पीसी3एल-12800एस. तो एल म्हणजे लो व्होल्टेज. जुनी डीडीआर3 रॅम 1.5 व्होल्टवर चालते, एलवाली 1.35 वर. दोन्हींना 204 पिना, दोन्हींची खाच त्याच जागी, त्यामुळे चुकीचीसुद्धा टक्‌ करून बसते. डीडीआर4 ची खाच वेगळ्या जागी असते, ती स्लॉटमध्ये जाणारच नाही. पण इथे आकार अडवत नाही. इंटेलच्या चौथ्या पिढीचे लॅपटॉप प्रोसेसर फक्त कमी व्होल्टेजवाली घेतात. 2011 च्या माझ्या लॅपटॉपला त्याची गरज नव्हती.

मी दोनच शक्यता धरल्या होत्या: रॅम खराब नाहीतर बोर्ड खराब. दोन्ही चांगले असून एकमेकांना चालत नसतील, ही तिसरी मला सुचलीच नाही. एक सेमीकोलन राहिला म्हणून ज्युनिअरना बोलणारा मी, मला स्टिकरवरचं एक अक्षर दिसलं नव्हतं.

त्यानं काउंटरवरच माझं मशीन उघडून त्याची रॅम बसवली. बटन दाबलं. पंखा फिरला. काळा पडदा. मी श्वास धरून कॅप्स लॉककडे बघत होतो. तो लुकलुकला नाही. मशीन एकदा आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झालं.

"थांब, हात नको लावू," तो म्हणाला. "नवी रॅम पाहून घेते ते."

मग लोगो आला. खाली एक ओळ, की घड्याळाची वेळ चुकीची आहे. तारीख दाखवत होता 1 जानेवारी 2013. मागे रांगेतले काका म्हणाले, "लागला वाटते टीव्ही."

"किती देऊ?"

"चारशे. पगार झाला की दे."

मी पाकीट काढत होतो, थांबलो. का कोण जाणे, तिथेच, झेरॉक्सच्या आवाजात त्याला सांगून टाकलं की पगार होणार नाही. महिना झाला. त्यानं मान वर केली नाही, स्क्रू लावत राहिला.

"घरी माहीत आहे?"

"नाही."

"तुये बाबा आले होते परवा नोंदणीले. सगळ्यायले सांगत होते, पोरगा रात्री तीन-तीन वाजेपर्यंत कंपनीचं काम करते म्हणून." त्यानं शेवटचा स्क्रू आवळला. "एकोणीसच होते ना?"

कुरिअरवाल्याकडे न जाता मी परत फिरलो. फाट्यावर थांबून दिल्लीवाल्याला माफीचा मेसेज केला. त्यानं अंगठा पाठवला आणि खाली विचारलं, और बोर्ड चाहिए क्या?

बाबा शेतात होते, पुंजण्यावरची ताडपत्री ओढून बांधत होते. मी दुसरं टोक धरलं. लॅपटॉप चालू झाला म्हणून सांगितलं. मग तो कंपनीचा नाही हे सांगितलं, आणि मग बाकीचं. त्यांनी दोरीची गाठ मारली, ओढून बघितली, सोडली, पुन्हा मारली.

"किती दिवसाचे पैसे आहेत तुयापाशी?"

"चार महिने निघतील."

ते बांधीच्या धुऱ्यावर बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मीही बसलो. पलीकडच्या शेतात मशीन लागलं होतं, त्याचा भुसा उडून इकडे येत होता.

"उद्या आपला नंबर आहे," ते म्हणाले. "एक माणूस कमी सांगतो मग. सहाले उठजो."