अलिफ चालू लागला

दोन वर्षांपूर्वी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, मी पुन्हा विद्यार्थिनी झाले. उन्हाळी सुट्टीत चित्रपटनिर्मितीच्या एका छोट्या कोर्सला नाव घातले. शेवटी प्रत्येकाने एक फिल्म करायची होती. मी मातीचे अ‍ॅनिमेशन निवडले. 'तारे जमीन पर' (२००७) मधले धीमंत व्यास यांचे मातीचे काम डोक्यातून गेले नव्हते, आणि माती तर आमच्या परभणी जिल्ह्यात फुकट!

पहिली फजिती मातीनेच केली. आपली काळी माती वाळली की आकसते, तडकते. संध्याकाळपर्यंत माझ्या म्हातारबाबाचा हात गळून पडला. मग न वाळणारी, मुलांची रंगीत माती आणली.

दुसरी अडचण अम्मीची. "घर में बुत बनारी क्या?" तिने विचारले. हजरत आयेशा (र.अ.) लहानपणी बाहुल्यांशी खेळत, त्यांत पंखांचा घोडाही होता, हे तिनेच मला सांगितलेले. पण मी हुज्जत घातली नाही. तिच्या मनाला लागले होते ते खरे होते. रात्री विचार केला, माणूसच कशाला? मी रोज शिकवते ती अक्षरेच चालवू या.

उजवीकडून अलिफ निघेल, डावीकडून 'अ'. दोघे मध्ये भेटतील. सेकंदाला १२ फोटो, म्हणजे वीस सेकंदांना २४०. मोबाइल विटांवर ठेवला. ऊन सरकले की चित्र लुकलुकते, म्हणून खिडकीला चादर लावली. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) च्या आधी कुंडीतल्या रोपट्याची वाढ अशीच थोडी थोडी टिपली होती. त्यांचा धीर तेव्हा कळला.

तिसऱ्या दिवशी अम्मी दारात येऊन उभी राहिली. बराच वेळ पाहून म्हणाली, "अलिफ टेढा है." मग आत येऊन बोटाने त्याला सरळ केले. मला कायदा तिनेच शिकवला होता.

मध्येच विटेला धक्का लागला, तो हिसका फिल्ममध्ये तसाच आहे. परीक्षकांनी तेवढ्यासाठी गुण कापले.

जूनमध्ये ती फिल्म वर्गात दाखवली. आमची मुले उर्दू माध्यमाची. मराठीचा तास म्हटला की मान खाली घालणारा एक मुलगा पाटीशी आला. अलिफ काढला, शेजारी 'अ' काढला. आणि विचारले, "टीचर, ये दोनों रिश्तेदार हैं क्या?"

मी म्हटले, "शेजारी आहेत, बेटा. फार जुने शेजारी."