निरोप आणि वाट

खानदेशचा नकाशा पुढें घेतला, म्हणजे धुळें आणि जळगांव हीं गांवें अगदीं शेजारचीं दिसतात. पारोळें-एरंडोलच्या सडकेनें अंतर सुमारें नव्वद किलोमीटर. आगगाडीचा हिशेब मात्र निराळा. मुंबई-भुसावळचा मोठा लोहमार्ग चाळीसगांव, पाचोरा करीत जळगांवास जातो; तापीकांठचा मार्ग नंदुरबार, अमळनेरवरून तेथेंच येतो. धुळें दोहोंच्या मध्यें राहिलें. १९०० सालीं चाळीसगांवाहून धुळ्यास फांटा आला खरा. तरी जळगांवास जाणाऱ्यानें आधीं दक्षिणेस चाळीसगांव गांठावें, तेथें गाडी बदलावी आणि मग ईशान्येस वळावें, हा वळसा कांहीं चुकला नाहीं.

या वळशाची किंमत आम्हांस लहानपणींच कळली. आमची आजी जळगांवास काकांकडे असे, आम्ही धुळ्यास. वैशाखांतल्या एके दिवशीं दिवेलागणीस तारवाला दारांत उभा राहिला. त्या काळीं तार आली, कीं घरांतल्या बायका आधीं डोळ्यांस पदर लावीत आणि मग ती वाचून घेत. "आई अत्यवस्थ, त्वरित निघा," एवढाच मजकूर. तार दुपारीं निघून संध्याकाळीं पोहोंचली. माणसास तें कोठून साधावें? संध्याकाळची गाडी गेलेली, रात्रीं मोटार नाहीं. वडील रात्रभर अंगणांत येरझारा घालीत होते. आईनें दशम्या बांधून दिल्या, त्या तशाच परत आल्या. पहांटे निघून वडील दुपारीं जळगांवास पोहोंचले, तेव्हां मंडळी स्मशानांतून परतत होती. उन्हाळ्याचे दिवस, फार थांबतां आलें नव्हतें. "बाळ आला का?" असें आजीनें दोनदां विचारलें, हें काकूंनीं सांगितलें. वडील त्यावर कांहीं बोलले नाहींत. पुढेंही कधीं बोलले नाहींत.

तारसेवा आपल्याकडे २०१३ च्या जुलैंत बंद झाली. आतां सुरत-नागपूर महामार्ग या दोन्ही गांवांस जोडतो. मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या लोहमार्गास २०२४ सालीं केंद्र सरकारची मंजुरी मिळाली. तो धुळ्यावरून जावयाचा आहे. निरोप तर खिशांतल्या यंत्रांत क्षणांत येतो.

आफ्रिकेंतील रवांडा या लहानशा डोंगराळ देशांत रेल्वे नाहीं. तेथें २०१६ पासून दूरच्या रुग्णालयांस रक्ताच्या पिशव्या वैमानिकावांचून उडणाऱ्या चिमुकल्या विमानांनीं धाडतात. निरोप आला, आणि मागोमाग जें हवें तें पोहोंचलें, म्हणजेच दळणवळण पुरें झालें, असें आम्हांस वाटतें.

आमची वृद्ध मावशी जळगांवास असते. दर रविवारीं आम्ही तिचा चेहरा यंत्रांत पाहतों, "बरी आहेस ना?" म्हणून विचारतों, आणि कर्तव्य झालें असें मानतों. गेल्या रविवारीं ती म्हणाली, "बोलणं झालं रे बाबा, पण येतोस केव्हां?"

वडिलांस वाट नव्हती, म्हणून ते वेळेवर पोहोंचले नाहींत. आम्हांस वाट आहे. आम्ही कोणती सबब सांगावी? वाचकहो, हा मजकूर संपादकांकडे धाडून उद्यां सकाळच्या मोटारीनें आम्ही निघणार आहों.