तेलाचा हिशेब

टू-स्ट्रोक इंजिनातले तेल एकदाच कामी येते. मोटारगाडीच्या इंजिनाच्या तळाशी तेलाचा साठा असतो आणि तेच तेल महिनोन्‌महिने आत फिरत राहते. टू-स्ट्रोकमध्ये ती सोय नाही. जिथे तेल साठवता आले असते, त्याच क्रँककेसच्या पोकळीतून पेट्रोल आणि हवेचे मिश्रण सिलिंडरकडे जाते. त्यामुळे वंगणाला इंधनाच्या सोबतीनेच आत शिरावे लागते आणि वाटेत बेअरिंगांना व पिस्टनला ओल देऊन अखेर जळून जावे लागते. वडिलांच्या स्कूटरवर पुढे उभे राहून ज्यांचे बालपण गेले, त्यांना पेट्रोल पंपावरचा ‘ऑइल किती?’ हा प्रश्न आणि पाठोपाठचा निळसर धूर आठवत असेल. रस्त्यावरून ते इंजिन जवळजवळ नाहीसे झाले. कोकणच्या किनाऱ्यावर, होडीच्या पाठीला लटकणाऱ्या मशीनच्या रूपाने, ते अजून आहे.

असेच एक वापरलेले, चाळीस अश्वशक्तीचे मशीन गेल्या पावसाळ्यात माझ्या मावसभावाच्या अंगणात येऊन पडले. दादा मालवणजवळ मासेमारी करतात. त्यांचा मुलगा हंगामात त्याच होडीतून पर्यटकांना फिरवतो. मशीनला ऑइल इंजेक्शनची व्यवस्था होती. ती ठेवावी की काढून टाकून पूर्वीसारखे पेट्रोलमध्येच तेल मिसळावे, यावर बापलेकांचे एकमत होईना. माहितीपुस्तक इंग्रजीत होते. घरात शिकलेला माणूस मी. मराठीचा प्राध्यापक असलो तरी त्यांच्या लेखी मास्तर तो मास्तर. पुस्तक माझ्या हाती आले.

व्यवस्था समजायला अवघड नाही. तेलाची टाकी वेगळी असते आणि क्रँकवरून फिरणारा एक छोटा पंप त्यातून तेल ओढतो. थ्रॉटलला जोडलेली एक दांडी त्या पंपाला किती तेल सोडायचे ते सांगते. पूर्ण वेगात पन्नास भाग पेट्रोलला एक भाग तेल; मंद चालीत हेच प्रमाण शंभरास एक किंवा त्याहूनही कमी. हाताने मिसळताना मात्र पन्नासास एक हे प्रमाण सर्वकाळ तेच. पंचवीस लिटरच्या टाकीत अर्धा लिटर तेल ओतले की होडी धावो वा रेंगाळो, इंजिनाला तेवढेच मिळणार. रेंगाळताना ते जास्त होते. मग धूर वाढतो, प्लग काळे पडतात आणि न जळलेला अंश पाण्यात जातो. मुलाचे म्हणणे याच जागी उभे होते. पर्यटकांना घेऊन जाणारी होडी बहुतेक वेळ रेंगाळतेच, आणि धुरात बसायला कोणी पैसे देत नाही.

कल्पना नवी नाही. यामाहाने १९६४ साली वायए-६ या मोटारसायकलवर ‘ऑटोल्यूब’ नावाने असा पंप बसवला होता. होड्यांच्या मशीनमध्ये पुढे तिचे अनेक अवतार झाले. जॉन्सन आणि एव्हिनरूड ही मशीने बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीने १९८४ साली पेट्रोलचा आणि तेलाचा पंप एकत्र करून ‘व्हीआरओ’ आणले. त्यातल्या सुरुवातीच्या पंपांविषयी इतका अविश्वास पसरला, की अनेक मालकांनी तेलाची नळी बंद करून पुन्हा हातमिश्रण सुरू केले. मशीन आणणाऱ्या मेकॅनिकचा सल्लाही तोच होता आणि दादा त्याच्या बाजूने होते.

“माझ्या हातान तेल पडला काय माका रातची झोप लागता,” ते म्हणाले. “पंप पडलो तर माका कोण सांगतलो?”

पुस्तक वाचून संपवल्यावर मला जाणवले, की सगळा वाद या एका प्रश्नापाशी येऊन थांबतो. टाकीतले तेल कमी झाले की भोंगा वाजतो, असे पुस्तकात होते. पण टाकी भरलेली आहे आणि पंपाचे दातेरी चाक तुटले आहे, किंवा नळीत हवा अडकली आहे, अशा वेळी तो भोंगा गप्प राहणार. थोड्याच वेळात पिस्टन सिलिंडरमध्ये जखडणार. रस्त्यावर गाडी बंद पडली तर माणूस चालत घरी येतो. रात्री, वारा फिरलेला असताना, तीन माणसांच्या होडीत मशीन जखडणे ही वेगळी गोष्ट आहे. दादांचा अविश्वास जुन्या माणसाचा हट्ट आहे असे म्हणून तो बाजूला सारणे सोपे होते. पण त्यात तथ्य होते.

तथ्य मुलाच्या बाजूलाही होते. हातमिश्रण चुकत नाही असे नाही. अंधारात, घाईत, अर्धी टाकी शिल्लक असताना वरून पेट्रोल ओतले की प्रमाणाचा अंदाजच उरतो. तिथेही चूक दिसत नाहीच. सोय आली की काळजी संपते, असा आपला समज असतो. इथे काळजीची फक्त जागा बदलत होती. हातमिश्रणात ती प्रत्येक टाकीमागे एकदा घ्यायची आणि मोकळे व्हायचे. पंपाच्या बाबतीत ती रोज थोडी, न कंटाळता घ्यायची. आपल्या घरात ही दुसऱ्या जातीची काळजी कोण घेईल, हे ठरल्याशिवाय पंपाचे ठरवता येत नव्हते.

पंप ठेवायचे ठरले, पण दादांच्या अटींवर. पहिल्या टाकीला पेट्रोलमध्ये नेहमीचे अर्धा लिटर तेल मिसळायचेच आणि पंपही चालू ठेवायचा. तेलाच्या टाकीवर चिकटपट्टी लावून पातळीची खूण करायची. पंप काम करत असेल तर पंचवीस लिटर पेट्रोलमागे त्या टाकीतून पाव ते अर्धा लिटर तेल उतरले पाहिजे. पातळी हलली नाही तर मेकॅनिकचे खरे. त्या दिवशी धूर भरपूर झाला, आणि पुन्हा खुणेपर्यंत भरायला तीनशे मिलिलिटर तेल लागले. म्हणजे साधारण त्र्याऐंशीस एक. तरी दादांनी आणखी एक टाकी तशीच चालवायला लावली.

आता पेट्रोल किती आणि तेल किती, याची एक वही आहे. नारळाच्या झापांखालून होडी पुन्हा पाण्यात गेली तेव्हा तिच्यात एक लिटर तेलाची सीलबंद बाटली आणि मापाचा पेला कायमचा ठेवला गेला. पातळी हलत नाही असे दिसले, की मशीन बंद करून हाताने मिसळायचे आणि घर गाठायचे. मुलगा दर आठवड्याला वही वडिलांपुढे ठेवतो. दादा आकड्यांवरून बोट फिरवतात, मग उठून किनाऱ्यावर जातात आणि चिकटपट्टीची खूण स्वतः बघून येतात.