तीन महिने

विषय जरा अवघड आहे. घरातली धाकटी मंडळीही इथे डोकावतात हे ठाऊक आहे, तरी लिहितो. ज्याच्याबद्दल आहे त्याची परवानगी घेतली आहे.

माझा एक जुना विद्यार्थी, आता चाळिशीला टेकलेला. पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी आला नि बराच वेळ नुसता बसून राहिला. परगावी एका रात्री जे घडू नये ते घडलं होतं. पुढे तीन आठवड्यांनी ताप, घसा धरलेला, जबड्याखाली गाठी. मोबाईलवर वाचून वाचून त्याने स्वतःचा निकाल लावून टाकला होता.

एचआयव्हीची लागण झाल्यावर दोन ते चार आठवड्यांत काहींना असं होतं, हे खरं. काहींना काहीच होत नाही, हेही खरं. आणि फ्लूमध्ये तरी वेगळं काय होतं? धूर आहे की धुकं, हे रक्त तपासल्याशिवाय कळणार नव्हतं.

सरकारी दवाखान्यात चाचणी फुकट होते. पहिली निगेटिव्ह आली. पण समुपदेशक बाई म्हणाल्या, रक्तात प्रतिपिंडं दिसायला वेळ लागतो, तीन महिने पुरे झाले की पुन्हा या. तोवर घरी निरोध वापरा. (७२ तासांच्या आत गेला असता तर प्रतिबंधक गोळ्या मिळाल्या असत्या, हेही तिथेच कळलं.)

ताप चार दिवसांत गेला, भीती गेली नाही. हात सारखा गळ्याशी. गाठी दाबून दाबून दुखायला लागल्या, आणि दुखतात म्हणून पुन्हा भीती! खिशात थर्मामीटर. डास चावला तरी त्याला पुरळ वाटायचं.

"सर, शिक्षा आहे ही," एकदा म्हणाला. तेव्हा मात्र मी रागावलो. विषाणूला कुठलं आलंय पापपुण्य? १९८६ साली देशातले पहिले रुग्ण चेन्नईत सापडले, तेव्हा मी नोकरीत होतो. शिक्षकांच्या खोलीत काय काय बोललं जायचं ते आठवून आजही कसंनुसं होतं. २००४ पासून सरकार औषधं फुकट देतंय, नेमाने घेणारा माणूस पुरतं आयुष्य जगतो. हे सगळं सांगितलं. त्याने मान हलवली, बस्स.

खरी भीती बायकोची होती. तिला पाठदुखीचं कारण सांगून तो वेगळा झोपत होता. मी म्हटलं, सांगून टाक.

"सर, घर मोडेल."

मोडेलही. तसं आश्वासन मी कुठून देणार? पण तिच्याही जिवाचा प्रश्न होता.

त्याने सांगितलं. ती आठ दिवस बोलली नाही. दुसऱ्या चाचणीला मात्र दोघं बरोबर गेली.

निकाल इथे लिहीत नाही. २०१७ चा कायदाही तो परवानगीशिवाय उघड करू देत नाही, आणि मला परवानगी आहे ती इतक्याचीच.

गेल्या रविवारी दोघं येऊन गेली. ती चहा न घेताच उठली. याने कप तसाच ठेवला नि मागोमाग निघाला.